मुलीनं आधी विचारावं का? अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझी अभ्यासिका आहे. राज्यसेवा, तलाठी, बँक, पोलीस भरती अशा परीक्षांची मुलं-मुली सकाळी ६ ला येतात ती रात्री ११ ला जातात. वर टेबलावर राज्यघटनेची कलमं घोकणाऱ्या मुली खाली चहाला आल्या की कलमांचं नाव काढत नाहीत. 'ताई, एक विचारू का? कुणाला सांगू नका हं,' अशी सुरुवात झाली की पुढचं मला पाठ असतं. एक मुलगा आवडतो, तो काही बोलत नाही, मी बोलू का? आठ वर्षांत हे इतक्यांदा झालंय की आता एकदाचं लिहूनच काढते. मी समुपदेशक वगैरे नाही. नवऱ्याला मीच विचारलं होतं, एवढीच माझी पात्रता.

मुलीनं मुलाला आधी विचारलं तर चालतं का?

चालतं.

पण ताई, आपल्यात अशी पद्धत नाही ना?

ठरवून होणाऱ्या लग्नात पहिली विचारणा कुठून जाते, सांगा बरं. मुलीकडून. मुलीचा बाप बायोडेटा घेऊन मुलाच्या दारी जातो, जोडे झिजवतो, 'कळवतो' एवढं ऐकून परत येतो. मग मामा विचारतो, आत्या विचारते, मुलीला दहावीनंतर ज्यांनी पाहिलेलं नाही असे मध्यस्थ विचारतात. म्हणजे मुलीच्या बाजूनं विचारायला आपली कधीच हरकत नव्हती. तिनं स्वतः तोंड उघडलं की मात्र घर हादरतं.

लग्न जमत नसलं की आई रुक्मिणीस्वयंवराची पोथी वाचायला लावते. एकनाथांची. मलाही लावली होती. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की अगं, ही तर आपलाच प्रश्न घेऊन बसली आहे! विदर्भाची राजकन्या. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न तिला नको. मग ती कृष्णाला स्वतः पत्र लिहिते, एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला धाडते, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला बाहेर पडेन, तिथून मला ने, असं वेळ-ठिकाणासकट कळवते. तोवर दोघांची भेटही झालेली नाही. ही पोथी चांगलं स्थळ यावं म्हणून मुलींच्या हाती देतात. आणि त्याच मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर 'हाय' केलं की आगाऊ!

आणखी मागे जायचं तर हाल या सातवाहन राजानं जमवलेला गाथांचा संग्रह, गाथासप्तशती आहे, आपल्या मराठीच्या पणजीच्या, महाराष्ट्री प्राकृताच्या भाषेतली. तिच्यातल्या एका गाथेत एक बाई एका सोवळ्या भल्या माणसाला सांगते, 'बाबा, आता खुशाल हिंडा. तुम्हाला त्रास देणारा तो कुत्रा गोदेकाठच्या झाडीतल्या सिंहानं आज मारला.' कुत्र्याला भिणारा माणूस सिंह ऐकल्यावर तिकडे फिरकेल का? ती झाडी तिची ठरलेली भेटीची जागा होती आणि हा रोज फुलं तोडायला तिथेच यायचा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि नदी हीच. गोदापार्कातल्या बाकावर बसलेल्यांना हटकणाऱ्या काकांना पाहिलं की मला तो सिंह आठवतो.

नाशिकमध्ये जिनं पहिल्यांदा विचारलं तिचं नाक कापलं गेलं. मग?

हा प्रश्न एका मुलानं विचारला, हसत हसत. मुली हसल्या नाहीत, म्हणून जरा थांबते.

पंचवटीत शूर्पणखा रामाकडे गेली, तिचं नाक लक्ष्मणानं कापलं आणि त्या नासिकेवरून गावाला नाव पडलं, ही कथा आपण शाळेच्या सहलीतच ऐकतो. पण ती नीट ऐकायला हवी. तिनं विचारलं, यावर तिला शिक्षा झालेली नाही. राम म्हणाला, माझं लग्न झालंय, त्या धाकट्याला विचार. धाकटा म्हणाला, मी पडलो दास, तू थोरल्याकडेच जा. ही थट्टा होती हे वाल्मीकीच सांगतात, आणि तिला ती कळली नाही हेही. या टोलवाटोलवीनंतर ती चिडली आणि सीतेवर धावून गेली. तलवार निघाली ती त्यानंतर.

मला यात दोन चुका दिसतात. नकार आल्यावर तिसऱ्याच बाईवर धावून जाणं ही तिची. आणि कुणी मनातलं बोललं की त्याचा खेळ करणं ही दुसरी. तुमचं नाक या दोन्हींपासून जपा. तीर्थाच्या गावाची कथा आहे, मी ती माझ्या सोयीनं वाचते असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. आमच्या सासूबाईही तसंच म्हणतात.

त्याला मी 'चालू' वाटले तर?

तर तो कसा आहे हे एका चहाच्या पैशांत कळलं. लग्नानंतर कळायला फार महाग पडतं.

पण हे बोलायला सोपं आहे, मला माहीत आहे. नाशिक वाढलं, गंगापूर रोडला मनोरे झाले, तरी स्वभाव गावाचाच आहे. कुणाच्या गाडीवर मागे बसलात की तुम्ही घरी पोचायच्या आत सिडकोतल्या मावशीला कळलेलं असतं. म्हणून विचारण्याआधी एक गोष्ट बघा. हा मुलगा दुसऱ्या मुलींबद्दल त्याच्या मित्रांत कसा बोलतो? टपरीवर उभं राहून पाच मिनिटं कान दिले तरी पुरतं. जो दुसरीच्या डीपीवर शेरे मारतो तो उद्या तुमच्या मेसेजवर मारणार.

नक्की म्हणायचं काय? वाक्यच सांगा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मुली सगळ्यात जास्त चुकतात त्या इथेच.

पहिली गोष्ट म्हणजे 'प्रपोज मारणं' हे डोक्यातून काढा. आपल्याकडे मुलगा असो की मुलगी, दोन वर्षं मनात ठेवतात आणि मग एकदम 'माझं तुझ्यावर प्रेम आहे, तुझा विचार सांग' असा धोंडा समोरच्याच्या पायावर टाकतात. तो बिचारा सकाळी डबा घेऊन अभ्यासाला आलेला असतो. त्याला काय सुचणार? प्रश्न लहान ठेवा. 'हो' म्हणायला सोपा हवा आणि 'नाही' म्हणायला त्याहून सोपा.

'शनिवारी सकाळी मिसळ खायला जायचंय. दोघंच. येतोस?'

यातला 'दोघंच' हा शब्द गाळू नका. एका मुलीनं गाळला होता. 'सोमेश्वरला जाऊ या का रविवारी?' असं तिनं मोठ्या धीरानं विचारलं, तो खूश होऊन हो म्हणाला आणि रविवारी दोन स्कूटरवर आणखी तिघांना घेऊन आला. पाच जणांनी भुट्टे खाल्ले, धबधब्यापाशी सेल्फी काढले आणि ती घरी येऊन रडली. त्याची काहीच चूक नव्हती. मुली पुढाकार घेतच नाहीत हे खोटंच आहे, ताई म्हणून मी रोज बघते. नोट्स मागतात, सीसॅटचं, म्हणजे राज्यसेवेच्या कल चाचणीचं, न अडलेलं गणित अडलंय म्हणतात, 'आम्ही सगळे चाललोय, तू पण ये' म्हणतात. हे सगळं विचारणंच आहे, पण घुंगट घालून. समोरच्याला ते कळेलच असं नाही, आणि कळलं तरी तो न कळल्यासारखं करू शकतो. मग महिनोन्‌महिने 'त्याच्या मनात काय असेल' यावर मैत्रिणींची बैठक भरते.

'मला तुझ्याशी थोडं बोलायचंय' असं मात्र म्हणू नका. मराठीत या वाक्यानंतर एक तर उसने पैसे मागतात नाही तर कुणीतरी गेल्याचं सांगतात.

मेसेज की समोरासमोर? ज्यात तुमची जीभ कमी अडखळेल ते. फक्त मेसेज केलात तर दोन ओळींचा करा. निबंध नको, त्याचा स्क्रीनशॉट छान येतो.

आमचं अजून 'तुम्ही' चालू आहे. 'तू' कधी म्हणू?

सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या मुलींचा हा प्रश्न. मराठीत खरं विचारणं इथेच होतं, डेटबिट नंतर. 'तुम्ही जेवलात का' वरून 'तू जेवलास का' वर आलात की समोरच्याच्या कानात काहीतरी वाजतंच. त्यानंही पुढच्या वाक्यात 'तू' केलं तर दार उघडं आहे. तो 'तुम्ही'वरच राहिला तर एकदा लाजाळूपणा समजा, तीनदा झालं तर उत्तर समजा. मी आणि माझा नवरा तब्बल दीड महिना क्रियापदच टाळून बोलत होतो. 'चहा?' 'हो, चालेल.'

ऑफिसचं आणखी एक. तो तुमच्या हाताखाली असेल, त्याची सुट्टी, त्याचं अप्रेझल तुमच्याकडे असेल, तर विचारू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून बाईलाच धरतो, पुरुषाला त्यात तक्रार करता येत नाही. म्हणून त्याची अडचण खोटी ठरत नाही. साहेबानं विचारलं तर तुम्हाला जे वाटेल तेच मॅडमनं विचारलं तर त्याला वाटतं.

त्याला मी दादा म्हणते.

मग अवघड आहे. राखी बांधली असेल तर आणखी अवघड. आधी निदान चार महिने नुसत्या नावानं हाक मारा.

भेटायचं कुठे?

सकाळी आणि माणसांत. मिसळ यासाठी उत्तम, कारण पापड, दही, जिलबी येत राहते, हाताला काम असतं आणि बोलणं अडलं तरी रस्सा मागता येतो. पांढरा कुर्ता घालू नका. काळ्या मसाल्याच्या तर्रीचा डाग मी लग्नाआधीपासून सांभाळून आहे. रविवारी मिसळीच्या ठिकाणी इतकी गर्दी असते की मागचे लोक तुमच्या खुर्चीला हात लावून उभे राहतात, म्हणून शनिवार.

चालायची आवड असेल तर पांडवलेणी. पायऱ्या चढताना कोण दुसऱ्यासाठी थांबतं ते आपोआप कळतं. पुस्तकवाला असेल तर गंगापूर रोडचं कुसुमाग्रज स्मारक. तिथे कुणी हटकत नाही आणि एखादा कार्यक्रम चालू असेल तर न बोलताही शेजारी बसता येतं.

पहिल्याच भेटीत गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला संध्याकाळी जाऊ नका. वाइनरीलाही नको. परतीची गाडी कोण चालवणार हा प्रश्न पहिल्या दिवशी कशाला? आपली गाडी आपण न्या, एका मैत्रिणीला लोकेशन पाठवा. तो लाख चांगला असेल, लोकेशन पाठवल्यानं तो वाईट होत नाही. आणि ११२ हा नंबर सगळ्यांनाच पाठ हवा.

बिल कोणी द्यायचं?

जिनं बोलावलं तिनं. तो फार हटून बसला तर टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. काउंटरवर झटापट नको, मागे रांग असते.

तो नाही म्हणाला तर?

मला म्हणाला होता. नवरा नव्हे, त्याच्या आधीचा. मी २३ वर्षांची होते, कॉम्प्युटरच्या क्लासला होता. 'मी तसा कधी विचार केला नाही,' असं म्हणाला, चांगल्या शब्दांत. मी 'बरं' म्हणाले आणि पुढचे पंधरा दिवस कॅनडा कॉर्नरला वळसा घालून क्लासला गेले. जगात सगळ्यांना कळलंय असं वाटायचं. कळलं होतं फक्त एका मैत्रिणीला, मीच सांगितलं म्हणून. काही वर्षांनी तो भाजीबाजारात दिसला. मेथीच्या जुडीवरून घासाघीस चालली होती. मी जवळून गेले, त्यानं ओळखून हात केला आणि म्हणाला, 'बघा ना, वीस सांगतायत.' ज्याच्यासाठी मी पंधरा दिवस वळसा घातला तो हाच का, असं वाटून मला तिथेच हसू आलं.

कामाचं बोलायचं तर 'नाही' म्हणजे नाही. 'सध्या परीक्षेवर लक्ष आहे' म्हणजेही नाही. परीक्षा झाल्यावर पुन्हा विचारायचं नसतं, त्याला वाटलं तर तो येईल. 'विचार करून सांगतो' याला एक आठवडा द्या आणि मग मनातून खातं बंद करा. आपल्याकडे पोरांना शिकवतात की मुलीच्या नकारात होकार असतो, आणि त्यापायी किती मुलींचं शहरात फिरणं अवघड होतं ते आपण पाहतो. पाठलागाचा गुन्हा कायद्यात पुरुषानं बाईचा केला तरच आहे, भारतीय न्याय संहितेत तो ७८ व्या कलमात येतो. पण एखाद्याच्या क्लासबाहेर रोज उभं राहणाऱ्या मुलीलाही मी तेच म्हणेन जे मुलाला म्हणते. घरी जा.

मी मुलगा आहे. मला मुलीनं विचारलं तर काय करू?

आधी फोन खिशात ठेव. ग्रुपवर टाकू नकोस. ती बोलायच्या आधी किती दिवस झोपली नसेल याचा अंदाज कर.

हो असेल तर हो म्हण. 'मीच विचारणार होतो' असं म्हणू नकोस, विचारणार होतास तर विचारायचं होतंस. नाही असेल तर त्याच दिवशी, एका वाक्यात, तिला एकटीला सांग. 'माझ्या मित्राला तू आवडतेस, त्याला विचार' हा पंचवटीतला विनोद परत करायचा नाही. आणि 'याआधी किती जणांना विचारलंस?' असं ज्याच्या तोंडी येतं त्याला माझ्या अभ्यासिकेत टेबल नाही.

घरी सांगू का?

एका मिसळीसाठी नको. पुढे काही ठरलं तर सांगावं लागेलच, आणि तिथे आडनाव येतं. आपल्याकडे मुलाचं नाव कळायच्या आत आडनाव विचारतात, मग गाव, मग तालुका. निफाड की सटाणा की येवला यावरून पुढचा हिशेब लागतो. हे नाही असं समजून तुम्हाला सल्ला देणं म्हणजे फसवणूक. जात वेगळी असेल तर विचारणं सोपं आणि पुढचं अवघड. आंतरधर्मीय किंवा आंतरजातीय लग्नासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात ३० दिवसांची नोटीस लागते, मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा. एवढं माहीत असू द्या.

आणि ज्यांच्या घरी फोन तपासतात, हात उचलतात, शिक्षण बंद करायची धमकी देतात, त्यांनी माझं वरचं सगळं बाजूला ठेवावं. न विचारण्यात काही भित्रेपणा नाही. आधी नोकरी, आधी स्वतःचं बँक खातं, राहायची सोय. मुलगा खरंच कामाचा असेल तर तोवर थांबेल, आणि नाही थांबला तरी नोकरी तुमच्याकडे राहील.

स्थळ म्हणून आलेल्या मुलाला मीच आधी मेसेज केला तर?

जरूर करा. कांदेपोह्यांच्या दिवशी आठ नातेवाइकांसमोर 'तुझे छंद काय' असं विचारून कुणालाच काही कळत नाही. 'कार्यक्रमाआधी अर्धा तास भेटू या का, दोघंच?' घरच्यांना सांगूनच भेटा, हल्ली बरेचसे आईवडील हो म्हणतात. कर्ज किती, नोकरी कुठे, लग्नानंतर तुमच्या परीक्षेचं काय, हे तेव्हाच विचारायचं.

द्राक्षवाला मुलगा असेल तर दिवस बघून विचारा. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून गावोगाव काळजी आहे, तेव्हा तुमच्या मेसेजचा त्याला आनंदच होईल. पण गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेली आणि वर अवकाळी ढग, अशा वेळी तो उत्तर देणार नाही. फवारणीच्या ट्रॅक्टरवर असेल. त्याचा राग मानू नका. बाग बाजारात गेली की मार्च-एप्रिलमध्ये माणूस माणसात येतो.

वय ३५ च्या पुढे आहे, एकदा मोडलेलं आहे. आता हे शोभतं का?

या वयात तर घुंगट पुरा काढा. 'मला सोबत हवी आहे, तुम्हाला?' एवढं पुरे. मुलं असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

तोच विचारेल म्हणून किती वाट बघू?

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. तेवढी नको.

अभ्यासिकेतच विचारलं तर?

वर हॉलमध्ये नाही. शांतता म्हणजे शांतता, ती पाटी मी उगाच लावलेली नाही. टेबलावर चिठ्ठीही ठेवू नका. मागच्या पावसाळ्यात एकीनं २७ नंबरच्या टेबलावर ठेवली. तो मुलगा आदल्याच दिवशी सकाळच्या बॅचला गेला होता आणि तिथे बसल्या होत्या दोन मुलांची आई असलेल्या, शिक्षक भरतीची तयारी करणाऱ्या बाई. त्यांनी दोनदा वाचली, लाजल्या, आणि मला आणून दिली. अक्षर सुंदर आहे, खाली नाव नाही. चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, जिची असेल तिनं घेऊन जावी. तो मुलगा रोज साडेदहाला खाली चहाला असतो. एकटाच असतो.